भोपळ्याला पहिलं आवतण

मे महिना आला की लोकांना आंबे आठवतात, मला बादल्या आठवतात. घरच्या पाच, शेजारच्या चार आणि अंगणवाडीतल्या दोन अशा अकरा बादल्या शेवटच्या रविवारी आंब्याखाली भरून ठेवायच्या, म्हणजे दिवे लागेपर्यंत पस्तीस पोरं हळदीनं माखून, भिजून, एकमेकांना भिजवून, पुन्हा माखून पुन्हा धुऊन निघतात. वर्षभर मी अंगणवाडीत पोरंच सांभाळते. मे महिन्यात पंधरा दिवस सुट्टी मिळते, ती पोरं सांभाळण्यात जाते. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ते काही उगीच नाही.

व्याही म्हणजे इथं माझी सासू. नलूबाय धवलारीण म्हटलं की पोयनाडपासून खाडीपर्यंत कोणीही आमचं घर दाखवील. आमच्या आगरी लग्नात भटजी येवो न येवो, धवलारीण लागतेच. ती मांडवात पाटावर बसते आणि धवले गाते. गाऊनच देवांना आवतण देते, घरातल्या मेलेल्या माणसांना बोलावते, नवरीला हळद लावायला सांगते आणि शेवटी गाऊनच गाठ बांधते. हातात ना कागद, ना पुस्तक. आईला (सासूला मी आईच म्हणते) सही सोडली तर लिहिता येत नाही. जे काही आहे ते सगळं गळ्यात.

तिचा जन्म मिठागरावरचा. बाप मिठाचे वाफे ओढायचा, तिची आई पाट्या वाहायची आणि पोरं बांधावर उन्हात. लग्न होऊन ती या गावात आली, दोन पोरं झाली आणि तेहतिसाव्या वर्षी नवरा काविळीनं गेला. तिची एक मावशी धवलारीण होती. दिवसकार्य झाल्यावर मावशी तिला म्हणाली, "रडतंस तं सुरात रड, दोन घास तरी मिलतील." त्या दिवसापासून आई मावशीच्या मागं बसायला लागली. नवरा गेलेली बाई धवलारीण झाली तर आमच्यात कोणी नाक मुरडत नाही. एरवी मुरडतात, तो भाग वेगळा.

पोरांच्या पार्टीची सुरुवात त्यातूनच झाली. मार्च ते मे लग्नसराई, आई रोज कुठल्या ना कुठल्या मांडवात. घरी आठ वर्षांचा जीवन, म्हणजे आताचा माझा नवरा, आणि त्याची धाकटी बहीण. लोकांच्या पोरांची लग्नं आई गाऊन लावणार आणि स्वतःची पोरं शेजारच्या भाकरीवर. एका सकाळी जीवन तिच्या लुगड्याला लोंबकळला तो सोडेचना. तेव्हा ती म्हणाली, "ही लग्नं संपूदे. मंग तुमच्या बाहुलीचं लगीन लावू अंगनात, पुरा मांडव घालून." शब्दाची पक्की बाई. शेवटचं लग्न आटोपल्यावर तिनं खरंच मांडव घातला, हळद खेळवली, पन्हं केलं. त्या वर्षी सात पोरं होती. यंदाचं एकतिसावं वर्ष. जीवन आता ट्रेलर घेऊन बंदराच्या रांगेत उभा असतो, आणि त्यानं लहानपणी मागितलेली पार्टी मी निस्तरते.

या पार्टीत आई धवलेही गायची, पण त्यात एक मेख होती. मावशीनं तिला दंडक घालून दिला होता की खोट्या लग्नाला धवला गायचा नाही. गायला तर गाठ बांधली गेली, मग ती माणसं असोत की बाहुल्या. म्हणून आईनं पोरांसाठी देवांची नावं काढून भाज्या घातल्या. चाल तीच, क्रम तोच, कुठं थांबायचं, कुठं लांबवायचं तेही तेच. फक्त पहिलं आवतण गणपतीच्या ऐवजी भोपळ्याला, दुसरं गावदेवीच्या ऐवजी वांगीबाईला, असं करत करत पूर्वजांच्या जागी सुका बोंबील. बोंबलाला हात जोडून मांडवात बोलावलं की पोरं लोळायची हसून.

पयलं आवतन धाडा गो भोपल्याचे घरा,
भोपलेदादा यावा गो मांडवाचे दारा.

आणि शेवटचा गाठीचा धवला ती पार्टीत कधीच गायची नाही. तिथपर्यंत आली की थाळीवर चमचा वाजवायची आणि ओरडायची, "चला रे, पन्हं प्यायला!" अंधार पडायच्या आत बाहुली पेटीत जायची आणि बाहुला माळ्यावर. पोरं दरवर्षी विचारायची, दोघांना वेगळं का ठेवता. आई म्हणायची, "लगीन लागलंय कुठं त्यांचं? एका जागी कशी ठेवू?"

यंदा तिनं अठरा लग्नं गायली. मार्चमध्येच आवाज घोगरा झाला होता. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या, ती म्हणाली, जन्म मिठात गेला, आता घशात कशाला. अठराव्या लग्नात गाठीच्या धवल्याला तिचा आवाज तव्यावर उलथनं घासावं तसा निघाला आणि बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मंगळवारी तिला अलिबागला दाखवलं. डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून बघितलं. आवाजाच्या पडद्यावर मांस वाढलंय, पाच जूनला ऑपरेशन, तोवर तोंड बंद. मी विचारलं, नंतर गाता येईल ना? ते म्हणाले, "बोलता येईल. गाण्याचं विसरा."

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. घरी आल्यावर खाटेवर टेकली. खाटेखाली अठरा लग्नांचे अठरा नारळ होते, धवलारणीच्या मानाचे. त्यातला एक पायानं आत सारत ती कुजबुजली, "आता कोन?"

खरी गोम तीच होती. कोणी नव्हतंच. मी गायला लागले तर वऱ्हाड जेवण सोडून पळेल, हे मी चौदा वर्षांपूर्वी या घरात आले तेव्हाच सिद्ध केलंय. नणंद पेणला, तिला दुकानातून डोकं वर काढता येत नाही. माझी हेमाली अकरा वर्षांची, गळा गोड आहे, पण चार माणसांत आवाज फुटत नाही आणि मोबाईल हातचा सुटत नाही. मी दोन वर्षं बसून सगळे धवले वहीत उतरवले होते. आईनं वही हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली आणि म्हणाली, "वहीला गला न्हाय." शेजारच्या गावातली एक शिकलेली मुलगी येऊन चार तास रेकॉर्डिंग करून गेली, ते माझ्या फोनवर आहे. आई त्यावरही खूश नव्हती. "नवरीची आयस रडाया लागली की गान्याची वल लांबवाची असते, तिचं डोलं पुसून होईस्तंवर. फोनला ती दिसते काय?"

मी म्हटलं, यंदा पार्टी नको. खरं सांगते, मला आतून बरंच वाटत होतं. एक मे महिना तरी मी पंख्याखाली पडून राहिले असते. आईनं मान हलवली आणि एक बोट वर केलं. अजून एक.

"तुम्ही खुर्चीत बसणार आणि मरमर मी करणार," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली. अगदी तसंच.

मग काय, लागले कामाला. हेमाली म्हणाली, काशीदच्या बंगल्यावर करतात तशी करू या, फुग्यांची कमान आणि अस्वल. तिच्या मैत्रिणीचा बाप तिथं माळी आहे. कुठल्याशा बंगल्यावर पोराच्या वाढदिवसाला भर दुपारी केसाळ अस्वलाच्या वेषात माणूस आणला होता, त्याला चक्कर आली आणि पोरांनी घाबरून केक टाकला. मी हेमालीला म्हटलं, आपल्याकडं चक्कर येऊन पडायला मी पुरेशी आहे.

एकतीस वर्षांत या घराला एवढं कळलंय की मे महिन्यात अंगणात पोरं जमवायची तर आधी उन्हाशी तह करावा लागतो. चारच्या आत कोणाला फाटकातून आत घ्यायचं नाही. पश्चिमेच्या बाजूला जुनी लुगडी ओली करून दोरीवर टाकायची, खाडीचा वारा त्यातून गार होऊन येतो. वर नारळाच्या झावळ्या. फाटक्या पाइपाला दाभणानं भोकं पाडून तो आंब्याच्या फांदीला बांधायचा, खाली पोरं नाचतात. विहिरीवर फळ्या टाकून त्यावर सगळ्यात आळशी मोठं माणूस बसवायचं, म्हणजे ते उठत नाही. आदल्या दिवशी अंगणातल्या कालवांच्या शिंपल्या वेचून काढायच्या, नाहीतर नाचता नाचता तळवे कापतात. पन्ह्यात साखरेबरोबर मीठही, ही मिठागरवाल्यांची अक्कल. आमच्याकडं एकही पोर आजवर उन्हानं आडवं झालेलं नाही. खायला ताडगोळे, करवंदं, पांढऱ्या कांद्याची भेळ आणि फणसाचं सांदण. सांदण वाफवताना माझी कंबर गेली ती अजून जाग्यावर नाही.

हे सगळं करताना आई खुर्चीत बसून बोटानं दाखवत होती. झावळी डावीकडं, बादली सावलीत. बोलता येत नसलं की माणूस जास्तच हुकूम सोडतं, हे मला यंदा कळलं. शनिवारी दुपारी ती झोपली तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून दहा मिनिटं रडले. कंबरेसाठी थोडी आणि तिच्यासाठी बरीच.

धवल्यांचं मात्र मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आई गाणार नाही, तर फोनवरचं रेकॉर्डिंग स्पीकरला लावायचं. आवाज तिचाच, चाल तीच. मला वाटलं, गाणं ते गाणं. तिला विचारायचं सुचलंच नाही.

रविवारी चारला फाटक उघडलं. पस्तीस सांगितली होती, एकेचाळीस आली. मुंबईहून सुट्टीला आलेली भाचरं, गल्लीतली सगळी, आणि बौद्धवाडीतली सहा. त्या सहांमध्ये बारा वर्षांची प्रज्ञा होती.

प्रज्ञाचं सांगायला हवं. तिच्याआधी तेवीस वर्षं वाडीतलं एकही पोर आमच्या अंगणात आलं नव्हतं. आलं नव्हतं म्हणजे कोणी बोलावलं नव्हतं, उगीच लपवण्यात अर्थ नाही. ती पाच वर्षांची असताना माझ्या अंगणवाडीत होती आणि माझा पदर सोडत नव्हती, म्हणून मी तिला घेऊन आले. आईनं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आपल्या पाटाशेजारी चटईवर तिला जागा करून दिली. संध्याकाळी तिचे आजोबा न्यायला आले. बुधाजी गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर, जीवनला त्यांनीच बाराखडी शिकवली. ओट्यापाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "नलूबाय, यात देवधर्म न्हाय ना? आम्ही ते घरातून काढलंय."

"न्हाय गुरुजी," आई म्हणाली. "भोपला हाय."

गुरुजी हसले ते कितीतरी वेळ हसत होते. त्या वर्षापासून नातीला न्यायला ते स्वतःच येतात, ओट्यावर बसून भेळ खातात, कांदा कमी पडला तर सांगतात. आणि प्रज्ञा दरवर्षी त्याच जागी बसते, आईच्या पाटाशेजारी, तोंडाकडं बघत.

पहिले दोन तास पाण्यात गेले. बेसन-हळदीचं पातेलं संपलं, एकमेकांच्या कानात हळद गेली, दोघांची भांडणं झाली, एकाचा दात पडला आणि तो भेळीत हरवला. मला वाटत होतं, कुठंतरी भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपावं. सहाच्या सुमारास सगळ्यांना पुसून झावळ्यांखाली बसवलं. चिंध्यांची बाहुली, नारळाच्या सालीचा बाहुला. चार वर्षांची प्रणाली यंदा बाहुलीची आई झाली होती आणि बाहुलीला छातीशी घट्ट धरून बसली होती. आई आपल्या पाटावर, समोर थाळी आणि चमचा. मी तिच्या कानात म्हटलं, तुम्ही फक्त बसा, सोय केली आहे. आणि स्पीकर लावला.

तिचा आवाज अंगणभर घुमला, चांगला होता तेव्हाचा आवाज. पहिल्याच ओळीत गणपतीला आवतण होतं.

आई पाटावरून उठली कशी ते मला कळलं नाही. गुडघे दुखतात म्हणून जी बाई खुर्चीतून उठताना माझा हात मागते, ती दोन ढांगांत स्पीकरपाशी पोचली आणि त्याची वायर खेचून काढली. स्पीकर पडला. आई माझ्याकडं बघून कुजबुजली, त्या फाटक्या आवाजात जेवढा राग मावेल तेवढा घालून, "बाहुलीच्या लग्नाला देव बोलावतंस?"

अंगणवाडीत मी रोज चाळीस पोरांना शिस्त लावते, आणि त्या वेळी मला कान धरून कोपऱ्यात उभं केल्यासारखं झालं. चूक माझीच होती. गाणं ते गाणं म्हणणारी मी. चौदा वर्षं या घरात राहून मला एवढंही कळलं नव्हतं. आई पाटावर परत बसली आणि तिनं डोळे मिटले. एकेचाळीस पोरं आणि एकही आवाज नाही. मला वाटलं, संपलं. एकतीस वर्षांची पार्टी मी एका वायरीत संपवली.

तेवढ्यात शेजारच्या चटईवरून आलं, "पयलं आवतन धाडा गो भोपल्याचे घरा."

प्रज्ञा गात होती. गळा काही फार गोड नव्हता, जरा जाडाच, पण सूर जिथल्या तिथं. भोपळा झाला, वांगी झाली. पोरं हसायला लागली, मागनं ओळ म्हणायला लागली. मी वाट बघत होते ती कुठं अडखळते याची, कारण वहीत उतरवताना मला कळलं होतं की मधले सतरा धवले किती वळणांचे आहेत. ती अडखळली नाही. बोंबलापाशी थांबून तिनं हात जोडले, पोरं लोळली, ती मात्र हसली नाही. आईही बोंबलाला बोलावताना कधी हसायची नाही.

मग बाहुलीला पाटावर ठेवायची वेळ आली आणि प्रणालीनं भोकाड पसरलं. ती बाहुली द्यायलाच तयार नव्हती. मी उठणार होते. पण प्रज्ञानं प्रणालीकडं बघितलं, आणि पुढच्या ओळीवर जायच्या ऐवजी तीच ओळ धरून ठेवली. "लेक दे गो माये, लेक दे गो माये." पुन्हा. अजून एकदा, आणखी हळू. प्रणाली हुंदके देत राहिली, प्रज्ञा ओळ लांबवत राहिली, शेवटी त्या पोरीनं नाक पुसलं आणि बाहुली आपल्या हातानं पाटावर ठेवली. तेव्हाच प्रज्ञा पुढं गेली.

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. सात वर्षं ती तोंडाकडं बघत बसली होती, एवढंच. आईनं डोळे उघडले होते आणि ती प्रज्ञाकडं अशी बघत होती की मला तिच्याकडं बघवेना.

शेवट आला. प्रज्ञा थांबली. कोणीतरी ओरडलं, "पन्हं!" प्रज्ञा म्हणाली, "आजी, इथं तुम्ही दरवर्षी थाळी वाजवता. पण हे संपत नाही ना इथं? पुढं काय हाय?"

आईनं चमचा उचलला नाही. तिनं ओट्याकडं बघितलं. बुधाजी गुरुजी केव्हाचे येऊन बसले होते, भेळीची वाटी तशीच मांडीवर.

"गुरुजी," आई कुजबुजली. सगळं अंगण गप्प होतं म्हणून ऐकू आलं. "पुढं गाठ हाय. हिला देऊ काय? देवांची नावं न्हाय देत."

गुरुजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "देव तुमचे, ते तुमच्यापाशी राहू द्या," ते म्हणाले. "गाणं तिनं ऐकून मिळवलंय. ते अर्धं कशाला ठेवता?"

आईनं प्रज्ञाला समोर ओढलं. मला डॉक्टर आठवले, पाच जून आठवला. मी "आई, नको" म्हटलंसुद्धा. तिनं माझ्याकडं हात झटकला, माशी हाकलावी तसा.

"धर रं दोरा, धर गो दोरा," तिनं गायलं. तो आवाज ऐकवत नव्हता. प्रज्ञानं ओळ परत गायली.

"भोपल्याचे साक्षीनं, वांगीचे साक्षीनं." ही नावं तिनं या धवल्यात आयुष्यात पहिल्यांदाच घातली होती, कारण हा धवला तिनं खेळात कधी आणलाच नव्हता. प्रज्ञानं तेही गायलं.

तिसऱ्या ओळीला आवाज निघालाच नाही. आईचे ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या आणि बाहेर नुसती हवा येत होती. प्रज्ञा तिच्या ओठांकडं बघत राहिली. आईनं पुन्हा ओठ हलवले. मग प्रज्ञानं गायलं, "बांधली गाठ ती सुटाची न्हाय."

आईनं मान डोलावली. हातानं बाहुला-बाहुलीला दोरा गुंडाळला आणि गाठ मारली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मारली.

मग पन्हं झालं, सांदण झालं, पोरं चिकट हातांनी माझ्या साडीला हात पुसून गेली. पार्टी संपताना पोरं धवलारणीला मानाचा नारळ देतात, खऱ्या लग्नात देतात तसाच. हेमालीनं तो आईच्या हातात ठेवला. आई तो घेऊन प्रज्ञाकडं वळली. सवयीनं ती ओटीत घालायला वाकली आणि मधेच थांबली. ओटी भरणं आमचं. त्यांच्याकडं चालतं की नाही कोण जाणे. ती तशीच नारळ धरून उभी राहिली.

"हातात द्या," गुरुजी म्हणाले. "कामाचा मान हाय तो. तिनं घ्यायला पायजे."

प्रज्ञानं दोन्ही हातांनी नारळ घेतला. ती थोडी घाबरली होती. "आजी, पण मी तर भोपळ्याचंच गायले."

आईच्या घशातून काही येत नव्हतं. तिनं प्रज्ञाच्या गळ्यावर आपली दोन बोटं ठेवली, मग आपल्या गळ्यावर, आणि हात खाली सोडला. प्रज्ञाला काय समजलं मला माहीत नाही. मला समजलं, आणि मी भांडी उचलायला गेले, कारण पोरांसमोर रडणारी अंगणवाडीबाई मला व्हायचं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, झालं, धवलारीण मिळाली. तसं काही झालेलं नाही. आमच्या मांडवात वाडीतली पोर पाटावर बसेल आणि भोपळ्याला आवतण देईल, असं मी तरी म्हणणार नाही. माझ्या माणसांना मी ओळखते. आणि तिच्या घरच्या लग्नात धवले लागत नाहीत. ती मोठी होऊन नर्स होईल, नाहीतर आजोबांसारखी मास्तरीण. पण ते सगळं आता एका जिवंत गळ्यात आहे, आणि कोणी रडायला लागलं तर ओळ लांबवायची हे त्या गळ्याला कळतं. आईनं "आता कोन" विचारलं होतं, त्याला एवढंच उत्तर मिळालं. आईला ते पुरलं असावं. त्या दिवसानंतर तिनं तो प्रश्न पुन्हा केला नाही, खुणेनंही नाही.

पोरं गेल्यावर मी बाहुली पेटीत ठेवली आणि बाहुला माळ्यावर टाकायला स्टुलावर चढले. आईनं माझी साडी ओढली. मी खाली उतरले. तिनं बाहुला घेतला, पेटी उघडली आणि दोघांना एकमेकांशेजारी निजवून झाकण लावलं.

मग मी अकरा बादल्या धुऊन उपड्या घातल्या, झाडू मारला, ओली लुगडी काढली आणि कंबरेला बाम चोळून घेतला. आई केव्हाच आडवी झाली होती. खाली जागा झाडताना बघितलं, खाटेखाली अठरा नारळ होते आणि अठराच राहिले, एकोणिसावा वाडीत गेला होता.